वेळासला जावं का? की सरळ हरिहरेश्वर गाठावं?

पुणेकरीण: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या वेळास गावी जायचं म्हणतोय, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारे सासरे. रिसॉर्ट नाही, कोणाच्या तरी घरी राहायचं, किनाऱ्यावर चहाची टपरीसुद्धा नाही म्हणे. नवरा म्हणतो एवढ्या लांब जाऊन पिल्लं नाही निघाली तर काय करणार?

भटक्या_ठाणे: जा हो, डोळे मिटून जा! पूर्वी ही अंडी लोक खायचे नाहीतर विकायचे, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांना. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला हाताशी धरलं आणि आता तेच गाव घरटी राखतं, कारण पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचे पैसे थेट घरात येतात. पाहुणेच नाही आले तर राखणार कशाला?

वाळूचाकण: अर्धंच सांगताय राव. शनिवार-रविवारी दोरीपलीकडे नुसती माणसंच माणसं, पोरं खांद्यावर, मोबाईल वर आणि त्यात एखादा फ्लॅश मारतोच. पिल्लं उजेडाकडे जातात, एवढं सांगूनही कळत नाही. शांत किनारा शांत ठेवायचा तर आपण न गेलेलंच बरं, माझं स्पष्ट मत आहे.

भटक्या_ठाणे: मग तुम्ही कसे बघून आलात? 😀

वाळूचाकण: गेलो होतो म्हणूनच सांगतोय ना.

कोकणरेल्वे: सासऱ्यांचा विचार करा आधी. बऱ्याच घरांत हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं असतं, कमोड आहे का ते फोनवरच विचारा, किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं ते वेगळंच. त्यापेक्षा हरिहरेश्वरला हॉटेल घ्या, बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घालून वेसवीला उतरा, वेळास तिथून जवळ.

मंडणगडकर: आमच्याकडचं सांगतो. हरिहरेश्वरहून येऊन-जाऊन करायचं तर पिल्लं सकाळी नि संध्याकाळी सोडतात, म्हणजे अंधार पडल्यावर परत फेरीबोट गाठायची पळापळ, त्यात म्हातारं माणूस. राहाच गावात. आणि पिल्लांची गॅरंटी कोणीच देत नाही हो, अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवस लागतात, घरटी उबवणीच्या कुंपणात हलवून टोपल्या झाकलेल्या असतात, सकाळी टोपली उचलली की कळतं. नाहीच निघाली तर बाणकोटचा किल्ला आहे, नाना फडणवीसांचं गाव आहे, घरचं जेवण आहे. एवढ्यावर दोन दिवस ज्यांचे जात नाहीत त्यांनी येऊ नये, उगाच गावाला नावं ठेवत जातात. पोराला पाण्यात मात्र एकटं सोडू नका, जीवरक्षक शोधाल तर सापडायचा नाही.

पुणेकरीण: ठरलं मग, मंगळवार-बुधवार जातो. रजेचं नवरा बघेल. कमोडवालं घर शोधतेय.

वाळूचाकण: मधल्या वारी जाताय तर माझी तक्रार नाही. फक्त लेकाचे ते पाऊल टाकलं की चमकणारे लाईटवाले बूट असतील तर घरीच ठेवा.