मदत हवी आहे: उसाच्या फडात सापडलेली वाघाटी या रानमांजराची(?) पिल्लं आईकडे परत कशी द्यायची?

घोडकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. तातडीची मदत हवी आहे आणि तिला जोडून एक पुढचा प्रश्नही आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला आमचं शेत आहे. आज सकाळी शेजाऱ्यांच्या फडात तोड सुरू असताना पाचटाखाली दोन पिल्लं निघाली. ऊसतोड टोळीतल्या एका मावशींना ती आधी दिसली, त्यांनी बाकीच्यांना थांबवलं, म्हणून कोयत्यातून वाचली. आता गावात 'बिबट्याची पिल्लं' असा गलका झालाय. बांधावर गर्दी आहे. एकाला ती घरी न्यायची आहेत, दुसरा म्हणतो मादी येऊन माणसं फाडेल, आत्ताच लांब सोडून या. मी दोन्ही पिल्लं सुती कापड घातलेल्या खोक्यात ठेवून खोकं सापडल्या जागेजवळच, उभ्या उसाच्या सावलीत ठेवलंय. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवलंय. वनरक्षक निघालेत, पण त्यांना दुसऱ्या गावाहून यायचंय.

पिल्लं तळहातावर मावतील एवढी. डोळे मिटलेले. अंग करडं, त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. एक सारखं ओरडतंय, दुसरं गप्प आहे.

ही नक्की कशाची? दूध द्यावं का? माणसाचा हात लागला की आई टाकून देते म्हणतात, ते खरं आहे का? टोळीचा मुकादम म्हणतो संध्याकाळपर्यंत फड मोकळा झालाच पाहिजे, वाहन लागलंय. त्याला काय सांगू?

पुढचा प्रश्न असा की हे दर हंगामात होतं. कधी वाघाटी, कधी बाऊल (तेही रानमांजरच), कधी खरोखरच बिबट्या. पिल्लं कुणाच्या तरी घरी जातात आणि तिथे मरतात. हे बघवत नाही. गावात याची काही रीत बसवता येईल का?

माळावरचा_डॉक्टर

आधी दुधाचं, कारण तिथेच सगळ्यात जास्त पिल्लं जातात. देऊ नका. गाईचं नको, शेळीचं नको, आणि कापसाच्या बोळ्याने तर मुळीच नको. एवढ्या लहान पिल्लाला बोळ्याने पाजलं की दूध श्वासनलिकेत उतरतं. शिवाय गारठलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, पाजलेलं तसंच साचून राहतं.

ओरडणाऱ्यात जोर आहे. मला काळजी गप्प असलेल्याची वाटते, बहुधा ते गार पडलंय. बाटलीत कोमट पाणी भरा, कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. ऊब जास्त झाली तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे. दोघांना एकमेकांना चिकटून राहू द्या. खोक्याला भोकं असू द्यात, वरून कापड टाकून अंधार करा. हात लावायचा तर हातमोजे घालूनच, आणि शक्यतो लावूच नका. काही तासांच्या उपवासाने ती मरणार नाहीत, गारठ्याने मात्र मरतील. कुत्री आणि घरची मांजरं जवळ फिरकू देऊ नका, मांजरांकडून येणारा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा रोग एवढ्या पिल्लांना झेपत नाही.

पाऊलखुणा

फोटो नाही, पण वर्णन वाघाटीशी जुळतं. बिबट्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लूसुद्धा अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. पंजे थोराड, अंग लोकरीसारखं. वाघाटीचं पिल्लू जन्मतः शंभर ग्रॅमचंही नसतं. लहानपणी तिच्या अंगावर काळे ठिपके ओळीत असतात, तांबूस रंग नंतर येतो. बाऊल असती तर पिल्लांवर पट्टे दिसले असते, ते मोठेपणी पुसट होतात.

गर्दीला एवढंच सांगा की याची आई पूर्ण वाढलेली असली तरी दीड किलोच्या आत-बाहेर असते. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ही एक, आणि ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत सापडते. माणसं फाडायचा प्रश्नच येत नाही. तरीही ओळख पक्की करायचं काम वनरक्षकांचं. ते येईपर्यंत उरलेल्या उसात कुणी शिरू नये, कारण अंदाज चुकला आणि आत बिबट्याची मादी असली तर काय?

खोडवा_७२

हाताच्या वासाने आई पिल्लू टाकते ही समजूत डोक्यातून काढून टाका. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाड या सगळ्या ऊसपट्ट्यांत वनविभागाने बिबट्याची पिल्लं आईकडे परत दिली आहेत. माणसांनी उचललेली, डॉक्टरांनी तपासलेली पिल्लं रात्री आईने तोंडात धरून नेल्याचं ट्रॅप कॅमेऱ्यात आलंय. वाघाटी आणि बाऊल यांच्या बाबतीतही हीच पद्धत वापरतात.

आई न येण्याची खरी कारणं म्हणजे जागा बदलणं आणि माणसांचा वावर. ती पिल्लं शोधत येते ती ठेवली होती तिथेच. म्हणून खोकं दुसऱ्या शिवारात नेलं की सगळं बिघडलं. अंधार पडायच्या आधी पिल्लं सापडल्या जागी, बुटक्या कडांच्या क्रेटमध्ये ठेवायची, म्हणजे आईला सहज उचलता येतात. कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी निघून जायचं. बॅटऱ्या मारत लांबून बघत बसणं नको, ट्रॅक्टर नको, कुत्री बांधून ठेवायची. हे सगळं वनविभागाच्या देखरेखीखाली. बिबट्याचं पिल्लू असेल तर आपण क्रेटलाही हात लावायचा नाही, फक्त माणसं मागे हटवायची आणि वाट बघायची.

मुकादमाला फड बंद करायला सांगू नका, तो ऐकणार नाही आणि त्याचंही चुकत नाही. टोळीचं पोट टनावर मिळणाऱ्या मजुरीवर आहे. पिल्लं सापडली त्या बाजूच्या चार-पाच सऱ्या उद्यापर्यंत उभ्या ठेवा, एवढंच मागा. बाकीचा फड तोडू दे. तेवढ्या उसासाठी वाहन अडत नाही. शेतमालकांना सोबत घ्या, मुकादम त्यांचं ऐकेल.

नदीपार

वेगळं मत मांडतो. एवढी गर्दी झाल्यावर मादी कशी येईल? कमजोर पिल्लू रात्रभर उघड्यावर ठेवण्यापेक्षा दोन्ही सरळ उपचार केंद्रात द्यावीत. जीव तरी वाचेल.

माळावरचा_डॉक्टर

नदीपार, तुमची काळजी बरोबर आहे, आणि पिल्लू जखमी असेल किंवा आई मेलेली सापडली असेल तर मीही हेच म्हणेन. पण केंद्र हा शेवटचा उपाय आहे. बाटलीवर वाढलेलं रानमांजर माणसाला सरावतं. उंदीर कसा धरायचा, कुत्र्यापासून कसं लपायचं, हे आई शिकवते. ते न शिकलेलं जनावर पुन्हा रानात सोडणं फार अवघड, मग जन्मभर पिंजरा. आईला एक रात्र संधी दिलीच पाहिजे. मात्र कमजोर पिल्लाची आधी तपासणी व्हावी, त्याला सलाईन लागेल असं दिसतंय.

घोडकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वनरक्षक आले, त्यांनी वाघाटीच असल्याचं सांगितलं. गर्दी पांगवली. मालकांनी पाच सऱ्या ठेवायला लगेच होकार दिला. वनविभागाच्या डॉक्टरांनी गप्प असलेल्या पिल्लाला त्वचेखाली सलाईन दिलं, ऊब दिल्यावर तेही ओरडू लागलं. आता दोन्ही क्रेटमध्ये आहेत आणि आम्ही सगळे घरी. झोप लागणार नाही, पण जाणार नाही तिकडे.

घोडकाठ

मध्यरात्रीनंतर मादी आली. कॅमेऱ्यात आधी ती सऱ्यांमधून बाहेर डोकावते, मागे जाते, मग बऱ्याच वेळाने क्रेटपाशी येते. एक पिल्लू नेलं. दुसऱ्यासाठी पहाटेपर्यंत आली नाही, मागे राहिलेलं तेच कमजोर. वनविभागाने ते सकाळी पुण्याजवळच्या बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात तपासणीला नेलंय. तब्येत सावरली तर पुन्हा इथेच ठेवून बघणार आहेत, म्हणून सऱ्या अजून उभ्याच आहेत. मालकांनी स्वतःहून मुकादमाला तसं सांगितलं.

तोपर्यंत माझा दुसरा प्रश्न. पुढच्या हंगामाआधी काय करता येईल?

खोडवा_७२

सर्वांत आधी तोडणीची दिशा. बऱ्याच ठिकाणी फड चारी बाजूंनी तोडत आणतात आणि शेवटी मधोमध एक तुकडा उरतो. सगळी जनावरं त्यात कोंडली जातात आणि शेवटच्या तासाला माणसांच्या अंगावर येतात. त्याऐवजी रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून ओढ्याकडे किंवा शेजारच्या उभ्या उसाकडे सरकत जायचं. जनावराला निघायला वाट राहते. टोळीलाही हे पटतं, कारण बिबट्या समोर येण्याची भीती सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. आणि ऊस पेटवून तोडणं टाळा. डोळे न उघडलेलं पिल्लू आगीतून निघूच शकत नाही.

दुसरं, टोळी कोपी (राहायची झोपडी) टाकते त्याच आठवड्यात जाऊन बोला. फडात पिल्लं निघाल्यावर बोलायला वेळ नसतो. मोठ्यांपेक्षा पोरांशी बोला, पिल्लं बहुतेक वेळा तीच उचलतात. कारखान्याच्या चिटबॉयलाही (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) सामील करून घ्या, त्याला कुठला फड कधी लागणार हे आधी माहीत असतं.

पाऊलखुणा

कायद्याची बाजू माहीत असू द्या, पण धमकीसारखी वापरू नका. वाघाटी आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणं किंवा घरी ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यप्राणी हाती आला तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. टोळीतल्या माणसांना मात्र उलट धास्ती असते, कळवलं तर आपल्यावरच केस होईल. म्हणून त्यांना पहिलं वाक्य हे सांगा की कळवणाऱ्याला त्रास होत नाही. नाहीतर पिल्लं पाचटाखाली ढकलली जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि शेतकऱ्यांना उंदरांचं सांगा. राजस्थानात सरिस्कामध्ये झालेल्या अभ्यासात एक बाऊल दिवसाला 3 ते 5 उंदीर खात असल्याचा अंदाज निघाला होता. उसाची मुळं आणि कांडी उंदीर कसे पोखरतात हे तुम्हाला मी काय सांगणार. ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकल्या की विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरतं, आणि पुढच्या वर्षी उंदीर आणखी वाढतात. जिथे रानमांजराचा वावर आहे त्या बांधावर तरी विष नको.

माळावरचा_डॉक्टर

गावातल्या कुत्र्यांचं आणि पाळीव मांजरांचं लसीकरण यादीत घाला. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर पसरला, त्यात सिंह दगावले. कुत्र्यांमध्ये फिरणारा हा रोग रानमांजरांनाही सोडत नाही. शेताजवळच्या पाळीव मांजरांची नसबंदीही करून घ्या, बाऊल त्यांच्याशी जुगते आणि मग रानातलं शुद्ध बीजच कमी होत जातं.

बिनकठड्याच्या विहिरींचंही बघा. रात्री पाठलागात रानमांजर, बिबट्या, कोल्हा, सगळेच पडतात. कठडा बांधणं जमत नसेल तर निदान काटेरी कुंपण घालून घ्या.

घोडकाठ

हे सगळं ग्रामपंचायतीत मांडतो. वनपालांशी बोलणं झालंय, ते कोप्यांवर सोबत यायला तयार आहेत. एक अडचण राहते. आमच्याकडे यंदा काही फडांत हार्वेस्टर येणार आहे. कोयता थांबतो, यंत्रातल्या माणसाला खाली काहीच दिसत नाही. त्यावर कुणी काही केलंय का?

खोडवा_७२

आमच्याकडे यंत्र लावण्याआधी दोन-तीन माणसं काठ्या आपटत, बोलत, सावकाश फडाच्या कडेने फिरतात, आणि मोकळ्या बाजूला कुणीही उभं राहत नाही. मोठी जनावरं त्याने निघून जातात. पिल्लं जागची हलत नाहीत, त्यामुळे पाचट दाट असलेल्या बांधाकडच्या पहिल्या दोन सऱ्या आम्ही हातानेच तोडतो. बिबट्याचा वावर कळला असेल तर हे फिरणंही वनविभागाच्या माणसाशिवाय करायचं नाही. ऑपरेटरचा नंबर आधी घेऊन ठेवा, त्याच्याशी वेग आणि दिशा ठरवता येते. तुमच्या वनपालांना त्या दिवशी बोलवा.