मदत हवी आहे: नॉर्टन कमांडो घेऊ की बीएमडब्ल्यू? शनिवारच्या आत सांगा

टपरीवरचा_चहा
लोकहो, पाल्हाळ लावत नाही. दोन मोटारसायकली बघून ठेवल्यात, एक कमांडो, एक बीएमडब्ल्यू, दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, दोन्ही चालू. पैसे एकीपुरतेच आहेत. कमांडोवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक पण आहे आणि तो शनिवारी उत्तर मागतोय. व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय, एक म्हणतो ब्रिटिश म्हणजे जीव, दुसरा म्हणतो जर्मन सोडून काही घेऊच नको. ज्यांनी खरंच चालवल्यात त्यांनीच सांगा. सरळ एक नाव द्या.

स्पॅनर_दहा_बारा
कमांडो ७५० की ८५०? साल काय? बीएमडब्ल्यू कुठल्या सिरीजची, /५, /६ की /७? आणि तू आहेस कुठे? एवढं तरी लिही की राव. ७२ ची कॉम्बॅट इंजिनवाली ७५० असेल तर मेन बेअरिंग बदललेत का ते आधी विचार. त्या इंजिनांनी बेअरिंगं खाल्ली, पुढे सुपरब्लेंड नावाची मजबूत बेअरिंगं आली तेव्हा कुठे प्रकरण थंड झालं.

कोथरूडचा_काका
माझं ऐकाल तर येझदी घ्या. मेंटेनन्स शून्य, आवाज असा की गल्लीतले लोक वळून बघतात आणि पार्ट नाना पेठेत अजून मिळतात.

टपरीवरचा_चहा
काका, मी बर्मिंगहॅमला राहतो, इथे नाना पेठ कुठून आणू. कमांडो ८५० आहे, ७४ ची. बीएमडब्ल्यू आर७५/६, ७५ ची. आता तरी सांगा.

डर्बीकर
मग विचार कसला करतोस, कमांडो! बर्मिंगहॅममध्ये राहून बीएमडब्ल्यू घेणार? कारखान्याचा दावा ६० हॉर्सपॉवरचा, बीएमडब्ल्यूची ५०. आणि आयसोलास्टिक काय चीज आहे ते चालवल्याशिवाय कळत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म असा सगळा जुडगा रबरावर टांगलाय, त्यामुळे उभी असताना गाडी हिव भरल्यासारखी थरथरते, पण तीन हजारच्या पुढे गेली की हँडलवरची थरथर गायब. ब्रिटिश ट्विनमध्ये हे सुख दुसरीकडे नाही. फक्त रबरांची फट शिमने (पातळ चकत्यांनी) नीट बसवलेली हवी, नाहीतर वळणात मागचं चाक वेगळ्याच गावाला जातं. बघायला जाशील तेव्हा मेन स्टँडवर लाव आणि मागचं चाक धरून आडवं हलव, हाताला कळतं. गिअर उजव्या पायाला, एक वर तीन खाली, आपल्या जुन्या बुलेटसारखा. बुलेटवर शिकला असशील तर पाय आपोआप जाईल.

श्प्रेकाठचा_बंड्या
डर्बीकर, अर्धीच गोष्ट सांगता. कमांडो महिनाभर उभी ठेवली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये जातं, मग स्टार्ट केली की ब्रीदरमधून (इंजिनच्या हवेच्या नळीतून) ऑइलचा अभिषेक. मी बर्लिनला राहतो, माझी आर६०/६ इथल्याच स्पांडाऊच्या कारखान्यातली, थंडीभर झाकून ठेवतो आणि मार्चमध्ये बटण दाबतो. चेन नाही, शाफ्ट आहे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेरच आलेत, टाकी पण काढावी लागत नाही.

डर्बीकर
ऑइल असं खाली उतरतं त्या वेट सम्पिंगला पन्नास वर्षं झाली, उपाय पण तेवढाच जुना आहे. ऑइल लाइनमध्ये व्हॉल्व्ह लावायचा, विषय संपला.

स्पॅनर_दहा_बारा
नाही हो, तो व्हॉल्व्ह कुणाला सुचवू नका!! तो पंपाच्या आधी बसतो. एखाद दिवशी अडकला किंवा बॉलवाला नळ उघडायला विसरलात तर पंपाला ऑइलच मिळत नाही आणि इंजिन जाम. त्यापेक्षा खालचा प्लग काढायचा, साचलेलं ऑइल भांड्यात घ्यायचं, परत टाकीत ओतायचं. पाच मिनिटांचं काम.

डर्बीकर
मी स्प्रिंगवाला वापरतो, काही होत नाही. आणि बंड्याशेठ, १९७३ ला आयल ऑफ मॅनवर फॉर्म्युला ७५० ची टीटी रेस कुणी मारली? नॉर्टनवर पीटर विल्यम्सने.

श्प्रेकाठचा_बंड्या
आणि १९७६ ला डेटोनाची सुपरबाइक रेस? बीएमडब्ल्यूची आर९०एस पहिली आणि दुसरी पण आर९०एसच.

नागपूरची_संत्री
तुम्ही दोघं भांडा, १९६९ ला होंडाने सीबी७५० आणली आणि बाजार नेला. अवांतर: कुणाकडे राजदूत ३५० चे ओरिजिनल सायलेन्सर आहेत का? जोडीच हवी.

हडपसर_एक्सप्रेस
भारतात आणणार असाल तर आधी कस्टमचा एजंट गाठा, कागद पूर्ण असल्याशिवाय बंदरावर गाडी अडकते. माझ्या मामेभावाने...

टपरीवरचा_चहा
भारतात कोण आणतंय?? मी असं कुठे लिहिलंय? आणि आर९०एस पण घेत नाहीये. दोनातली एक सांगा एवढंच विचारलंय.

मीनल_लेस्टर
दादा, चिडू नका, पण तुम्ही गाडीचं सगळं सांगितलंत, स्वतःचं काहीच नाही. ठेवणार कुठे, गॅरेज आहे का? मागे कोणी बसणार का? वर्षात किती फिरणार? आमच्याकडे ट्रायम्फची बॉनव्हिल टी१४० आहे, नवऱ्याचा जीव आहे तिच्यावर, पण दर थंडीनंतर पहिली किक बसेपर्यंत मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

टपरीवरचा_चहा
गॅरेज नाही, मागच्या यार्डात ताडपत्रीखाली राहील. उन्हाळ्यात बायकोला घेऊन वेल्सकडे जायचं, बाकी रविवारी थोडं इकडे तिकडे. बुलेटवरच शिकलो, बाबांच्या. किकचं म्हणाल तर उजव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी, पण चालतो व्यवस्थित.

मीनल_लेस्टर
अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

स्पॅनर_दहा_बारा
झालं, उत्तर मिळालं. ७४ च्या कमांडोला सेल्फ नाही आणि किक उजव्याच पायाची. ८२८ सीसीची ट्विन आहे, टायमिंग जरा पुढे-मागे असेल तर किक उलटी मारते आणि तो झटका सरळ गुडघ्यात. डॉक्टरला विचारून बघ काय म्हणतो.

डर्बीकर
मग कमांडोचीच ७५ ची मार्क ३ शोध. तिला सेल्फ आहे, गिअर पण डाव्या पायाला.

श्प्रेकाठचा_बंड्या
तो सेल्फ म्हणजे किक मारणाऱ्याला मदतनीस, कमांडोवालेच असं म्हणतात 😀 टपरीवाले, आर७५/६ बघायला जाल तेव्हा गाडी थंड असू द्या, आधी गरम करून ठेवू नका म्हणून सांगा. सिलिंडरच्या खाली हात फिरवा, पुशरॉडच्या नळ्यांची रबरं कडक झाली की तिथून ऑइल पाझरतं, रबरं स्वस्त आहेत पण भाव पाडायला उपयोगी. मग टाकीखाली बघा. या मॉडेलला पुढच्या डिस्कचा मास्टर सिलिंडर हँडलवर नाही, टाकीखाली आहे, केबलने ओढला जातो. तो गळत असेल तर फ्रेमचा रंग फुगलेला दिसेल. क्लचच्या स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस शेवटचं कधी लावलं ते विचारा. त्यासाठी गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो, म्हणून लोक टाळतात. आणि चार्जिंगचा लाल दिवा विझत नसेल तर डायोड बोर्ड (चार्जिंगचा करंट एसीचा डीसी करणारी पट्टी) बघावा लागेल, पण इंजिनचं पुढचं कव्हर काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा म्हणजे सोडाच. कव्हर टेकलं की बोर्ड गेला.

स्पॅनर_दहा_बारा
+१. आणि पेट्रोल सुपरचं ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) घाल, सप्टेंबर २०२१ पासून तिथे साधं म्हणजे ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय, ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कार्बोरेटरला ते चांगलं नाही. चाळीस वर्षांवरची म्हणून एमओटी (तिथली गाडीची वार्षिक तपासणी) माफ असली तरी एकदा करून घे, फुकटची तपासणी समज.

कोथरूडचा_काका
फुकट कसली, पैसे पडतातच की. येझदीला असलं काही लागत नाही.

टपरीवरचा_चहा
बंड्या, स्पॅनर, मीनलताई, थँक्स. कमांडोवाल्याला आत्ताच नाही कळवलं. शुक्रवारी बीएमडब्ल्यू बघायला चाललोय, यार्डाचं गेट मोजून घेतो, ते सिलिंडर दोन्ही बाजूंना बरेच बाहेर येतात. एकच शंका, डाव्या पायाने गिअर टाकायची सवय लागायला किती दिवस जातात?

मीनल_लेस्टर
पहिले काही दिवस गिअर बदलायला जाल आणि ब्रेक दाबाल. तेवढे दिवस बायकोला घरी ठेवा.

डर्बीकर
ठीक आहे, घे जर्मन. पण कमांडोवाल्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कर, आणि टाकी फायबरची होती की पत्र्याची ते पाहिलंस का? फायबरची असेल तर मी भावात तेवढं कापणार, इथेनॉलने ती आतून सुटते.