घरात रेडिओ स्कॅनरवर सिग्नल फार वीक येतोय, काय करू?

एअरबँड (पायलट नि विमानतळाच्या टॉवरचं रेडिओवरचं बोलणं) ऐकतो, विमानांतल्या पायलटचा आवाज येतो पण टॉवरचा नुसता खरखराट, स्क्वेल्च (वीक सिग्नल नि खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडला तरी तेच. रेडिओसोबतचा रबर अँटेना आहे. अँप्लिफायर घेऊ का?

— थांबा, आधी अँटेना उंच न्या. विमान वर असतं म्हणून येतं, टॉवर जमिनीवर, मध्ये इमारती नि टेकड्या. १२७ मेगाहर्ट्झला तरंगलांबीचा पाव भाग साधारण ५९ सेंमी, तेवढी तार उभी, खाली तशाच चार तारा तिरक्या, झाला ग्राउंड प्लेन अँटेना. उभीच हवी हं, आडवी लावली तर सिग्नल पडतो.

— केबलकडे पण बघा, लांब आरजी-५८ मध्ये बराच सिग्नल जातो, टीव्हीची आरजी-६ चालते, ७५ ओहम असली तरी नुसतं ऐकायला काही बिघडत नाही. अँप्लिफायर घेतलाच तर अँटेनापाशी लावा, रेडिओपाशी लावून केबलमधला नॉइजच वाढतो. आणि एफएम स्टेशन जवळ असेल तर ८८–१०८ मेगाहर्ट्झ अडवणारा नॉच फिल्टर अँप्लिफायरच्या आधी, नाहीतर स्कॅनर ओव्हरलोड होऊन अजून बहिरा होतो.

— घरातले एलईडी दिवे, चार्जर एकेक बंद करून बघा बरं, माझा निम्मा खरखराट तिथूनच होता.

— चार्जर काढला नि अँटेना खिडकीत उभा धरला, टॉवर पुसटसा आला!! रविवारी गच्चीवर तारा लावतो.