अनुभव धागा: 'पर्सोना ५ टॅक्टिका' तुम्हाला कसा वाटला?

मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. जाताना माझ्या लॅपटॉपवर 'पर्सोना ५ टॅक्टिका' टाकून गेला. वर 'मावशी, तुझ्या सुडोकूपेक्षा बरा आहे' असा शेराही मारला. 'पर्सोना ५ रॉयल' मी आधी शंभरेक तास घालून संपवला होता, त्यामुळे मंडळी ओळखीची. पण हे प्रकरण वेगळंच निघालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूळ 'पर्सोना ५' जपानमध्ये २०१६ साली आला, अ‍ॅटलस कंपनीचा. एरवी शाळकरी पोरं, शाळा सुटल्यावर लोकांच्या मनात घुसून तिथला मळ चोरणारे फँटम थीव्हज. 'टॅक्टिका' १७ नोव्हेंबर २०२३ ला आला. तीच पोरं, पण डोकी मोठी, पाय आखूड, भातुकलीतल्या बाहुल्यांसारखी. शाळा नाही, कॅलेंडर नाही, परीक्षा नाही. लब्लाँ या त्यांच्या नेहमीच्या कॅफेत गप्पा मारत बसलेले असताना एका भलत्याच राज्यात जाऊन पडतात. तिथे मारी नावाची नवरीच्या वेशातली राणी जुलूम करतेय आणि झेंडा घेतलेली एरिना तिच्याविरुद्ध बंड करतेय. पुढे पटावर तिघं-तिघं उतरवून डाव खेळायचा.

माझं मत आधीच सांगते: 'पर्सोना' म्हणून खेळलात तर हिरमोड होईल. कोडी म्हणून खेळलात तर जेवण करपेल. (एकदा करपलं. वांग्याचं भरीत करायचं होतं, कोळसा झाला.)

तुम्ही लिहा. कुठे खेळलात, किती खेळलात, कंटाळा कुठे आला, सगळं. एकच विनंती, पहिल्या राज्यानंतरचं काही फोडायचं असेल तर वर 'रसभंग' लिहा.

*

सांगलीकर

ताई, धाग्याबद्दल आभार. मी बुद्धिबळाचा माणूस, व्हिडिओ गेम पोराचे. त्याच्या मागे उभा राहून बघत होतो. दुसऱ्या दिवशी त्याला उठवून मी बसलो.

मला पटलेली गोष्ट म्हणजे यात नशीब फार कमी आहे. अशा दुसऱ्या एका प्रकारच्या खेळात 'नेम लागण्याची शक्यता ७० टक्के' असं दाखवतात आणि बरोबर त्या तीस टक्क्यांत आपण जातो. इथे टक्केवारीच नाही. शत्रू आडोशाला असेल तर मार कमी बसतो, नाहीतर बसतच नाही. आडोसा सोडून उघड्यावर असेल तर तो आडवा होतो आणि तुम्हाला आणखी एक खेळी मिळते. म्हणजे सगळा खेळ आडोशातून बाहेर काढण्याचा. मॉर्गाना, म्हणजे त्यांच्यातलं मांजर, वाऱ्यानं उडवून बाहेर फेकतो. युसुके गोठवतो. उंच कठड्यावरच्या शत्रूला ढकललं आणि खाली आपला माणूस उभा असेल, तर तो पडता पडता त्याला आणखी एक ठेवून देतो.

आणि मग तो त्रिकोण. शत्रू आडवा झाला की आपल्या तिघांनी त्याच्याभोवती त्रिकोण करायचा. त्रिकोणात जितके सापडतील तितके एका फटक्यात. आता बघा, आडवा शत्रू एकच असतो, पण त्रिकोण मोठा करण्यासाठी तुम्ही आधीच्या दोघांना मुद्दाम लांबच्या, वरकरणी निरुपयोगी घरांत नेऊन ठेवता. घोडा कोपऱ्यात नेऊन ठेवावा आणि तीन चालींनी त्याचा अर्थ कळावा, तसं. माझा एक त्रिकोण अर्ध्या पटाएवढा झाला होता, सहा जण गेले. पोराला फोटो काढायला लावला.

आणखी एक. हल्ला करेपर्यंत माणूस कितीही वेळा हलवून परत आणता येतो. आमच्या सरांनी हे पाहिलं असतं तर पट्टी काढली असती. हात लावला की चाल, असं शिकलेलो आम्ही.

*

नागपूरकर

गोष्ट मला जमली नाही बाप्पा. एक लढाई दहा मिनिटांची, मग गप्पा वीस मिनिटांच्या. आणि गप्पा कशा, जे आत्ता डोळ्यांसमोर झालं तेच सगळे आळीपाळीनं सांगतात. 'म्हणजे मारीनं त्यांना वश केलंय!' 'हो, वश केलंय!' 'मग आता सोडवायला पाहिजे!' अरे पाहिलं ना मी. शेवटी बटण दाबून पुढे पळवत गेलो.

गाणी मात्र झक्कास. लढाईच्या मधे गाणं लागलं की मी उगाच एक फेरी जास्त घेत होतो.

*

दोन पोरींची आई, डोंबिवली

आमच्याकडे हा गेम थोरलीनं, वय ११, खेळला. म्हणजे तिनं आणि मी मिळून. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. माझं काम भाषांतराचं होतं.

सगळं इंग्रजीत. तिला वाचता येतं, पण इतकं भराभर नाही. मग मी शेजारी बसून मराठीत सांगायचे. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी पात्रांना आवाज देतेय. तोशिरो नावाचा एक राजकारणी आहे, त्यांच्या संसदेतला, भावी पंतप्रधान म्हणून बोललं जातं त्याच्याबद्दल, पण त्या राज्यात पकडून ठेवलेला आणि सुरुवातीला पार घाबरलेला. त्याला मी आमच्या सोसायटीच्या माजी सेक्रेटरींचा आवाज दिला. ('नाही हो, मी काय म्हणतो, आधी विचार करू.') पोरगी खाली कोसळायची हसून. धाकटी फक्त मॉर्गानासाठी यायची, कारण मांजर.

रसभंग, थोडासा: पहिल्या राज्याच्या शेवटी कळतं की मारी म्हणजे त्या तोशिरोची खऱ्या आयुष्यातली होणारी बायको. मोठ्या घरातली, आणि हा तिच्यापुढे मान वर करत नाही. पोरीनं मला विचारलं, 'मग हा नाही का म्हणत नाही?' मी भाषांतर थांबवून जरा वेळ काहीच बोलले नाही. मग म्हटलं, पुढे बघू काय होतं ते.

आता मुद्द्याचं. मित्रमंडळी जी छोटी छोटी कामं देतात ना, त्यात एक आहे ज्यात एकाच फेरीत सगळे शत्रू संपवायचे. तीन दिवस अडकलोय. सांगलीकर, तुम्ही सुटलात का?

*

सांगलीकर

सुटलो, पण एक अख्खा रविवार गेला. उत्तर देत नाही, पोरीचा आनंद जाईल. एवढंच सांगतो की पहिल्या खेळीत कोणाला मारू नका. पहिली खेळी ढकलण्याची. कठडा कुठे आहे ते आधी बघा. आणि आणखी एक खेळी मिळते तेव्हा नुसता हल्ला नव्हे, पुन्हा चालताही येतं, हे विसरू नका. मी तेच विसरलो होतो.

*

जुना खेळगडी

मी 'डिसगाया'वर वाढलेला, तोही असाच पटावर डाव मांडायचा खेळ, २००३ पासूनचा. माणूस ९९९९ व्या पातळीपर्यंत नेणं, वस्तूच्या आत उतरून तिची ताकद वाढवणं, पेंग्विन फेकून मारणं. त्या मानानं टॅक्टिका म्हणजे शाळेच्या डब्यातली पोळीभाजी. व्यवस्थित, आटोपशीर, लगेच संपणारी. प्रत्येकाला आपल्या पर्सोनाशिवाय (म्हणजे मनातून उभी राहणारी, लढणारी शक्ती) आणखी एकच जोडता येतो, त्यामुळे व्हेल्व्हेट रूममध्ये, जिथे पर्सोना एकत्र करून नवा बनवतात, मिसळामिसळ करायलाही फार वाव नाही. 'हार्ड'वरसुद्धा अर्धा खेळ हसतखेळत गेला.

तरी संपवला. वाईट खेळ मी संपवत नाही.

*

कावासाकीत राहणारा पुणेकर

इकडे नोकरीला आहे, म्हणून एक जागेची गंमत. कथेतलं ते लब्लाँ कॅफे आहे योंगेन-जाया नावाच्या भागात. खरा भाग सांगेन-जाया, तोक्योच्या सेतागाया वॉर्डात, शिबुयापासून देन-एन-तोशी लाइननं दोन स्टेशनं. नावाचा अर्थ 'तीन चहाची घरं'. अ‍ॅटलसवाल्यांनी त्याचं 'चार' केलं. एवढाच बदल! आपल्याकडे कुणी 'तुळशीबाग'चं 'सब्जाबाग' करावं तसं. मी रविवारी तिथल्या गल्ल्यांतून फिरलो. अरुंद गल्ल्या, वरून तारांचं जंजाळ, जुनी छोटी दुकानं. टॅक्टिकात या गावाचं काही दिसत नाही, ही माझी मोठी तक्रार. मूळ गेम मला आवडला तो तोक्योमुळे. इथे राजवाडे न् तुरुंग. कुठलेही असू शकले असते.

आवाज जपानी ठेवून खेळलो, भाषेचा सराव होईल म्हणून. झाला, पण 'क्रांती', 'बंडखोर', 'जुलूम' असे शब्द शिकलो. ऑफिसात एकही वापरता आला नाही.

*

नागपूरकर

@पुणेकर, वापरून पाहा की. अप्रेझलच्या वेळी.

*

पणजीहून

मी गेम पासवर (मायक्रोसॉफ्टची वर्गणी भरून खेळायची सेवा) खेळलो, पहिल्याच दिवसापासून तिथे होता, म्हणून पैशांची तक्रार मूळ गेमबद्दल नाही. तक्रार जोड-भागाबद्दल. 'रीपेंट युअर हार्ट' नावाचा, त्यात 'रॉयल'मधली अकेची आणि कासुमी ही पात्रं येतात. तो पहिल्याच दिवशी वेगळ्या पैशांत. म्हणजे बनवून तयार आणि कापून बाजूला ठेवलेला. चवथीला गणपतीवर फळं टांगून बांधतात त्या माटोळीतलं एक फळ काढून वेगळं विकावं तसं.

आणि चीड येते ती यासाठी की तो भाग मूळ गेमपेक्षा सरस आहे! जमिनीवर रंग उडवायचा, रंगलेल्या जागेचा फायदा घ्यायचा. नवीन काहीतरी करून बघितलंय. मूळ गेममध्ये शेवटच्या तासांत नकाशे सारखेच वाटायला लागतात, तिथे अशा कल्पना का नाही टाकल्या? अकेचीसाठी मी पैसे दिले. (दिले, कबूल. शिव्याही दिल्या.)

*

दोन पोरींची आई, डोंबिवली

सांगलीकर, सुटलं!! पण तुमच्या पद्धतीनं नाही. कठड्याकडे तिनं पाहिलंच नाही. आधी हारूला पुढे नेलं, ती जे तोफेसारखं काहीतरी मारते त्यानं तिघांना एकदम धक्का दिला. मग रयुजी. मग त्रिकोण. एक शत्रू त्रिकोणाच्या बाहेर राहील असं मला ठामपणे वाटत होतं. 'थांब, थांब' असं मी ओरडत होते. तिनं अ‍ॅनला जरासं मागे सरकवलं आणि तो आत आला.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'आई, आता सेक्रेटरींच्या आवाजात अभिनंदन कर.'

*

सांगलीकर

हारू! माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला मी शेवटच्या डावापर्यंत बाकावर बसवून ठेवली होती. पोराला उठवतो, पट परत मांडायला पाहिजे.