तारे फुकट मिळत असताना परीक्षण लिहून घ्यायचं कशासाठी?

पानखूण

नमस्कार. एका त्रैमासिकाची आखणी चालू आहे. अंक ६४ पानांचा. त्यातली १६ पानं पुस्तक-परीक्षणांना द्यावीत आणि लिहिणाऱ्यांना मानधन द्यावं असा प्रस्ताव आहे. त्यावरून मंडळात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं असं, की वाचक हल्ली पुस्तक घेण्याआधी साईटवरचे तारे बघतात, रील बघतात, वाचणाऱ्या मित्राला विचारतात. मग एकाच माणसाचं मत पैसे मोजून का छापायचं? दुसऱ्या बाजूला परीक्षणं हवी आहेत, पण ‘आजवर छापत आलेत’ यापलीकडे कारण सांगता येत नाहीये.

शंभर अभिप्राय मिळून जे करत नाहीत असं एक जाणकार परीक्षण काय करतं? आणि सदर ठेवायचंच झालं, तर ते नीट व्हायला काय काय लागतं? तत्त्वाचं बोलून झालंय, कामाच्या पातळीवरची उत्तरं हवी आहेत.

तळटीप

आधी आकड्यांचं बघू. एका पुस्तकाला १०० जणांनी प्रत्येकी तीन तारे दिले. दुसऱ्याला ५० जणांनी पाच दिले आणि ५० जणांनी एक. दोन्हींची सरासरी ३. पहिलं पुस्तक सगळ्यांना बेताचं वाटलंय. दुसऱ्यात असं काहीतरी आहे की वाचकांची उभी फूट पडली. ती कशावरून पडली, हे वाचकाला कळायला हवं. सरासरी काढताना नेमकं तेच गळून जातं.

दुसरं म्हणजे ही शंभर मतं एकमेकांपासून सुटी नसतात. ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांची चर्चा होते अशा एका साईटवरच्या एक लाखाहून जास्त प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यातल्या काहींना, कुठलाही निकष न लावता, आल्या आल्या एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं. शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. एका मताने एवढा फरक! पुस्तक बाहेर पडताच लेखकाच्या गोतावळ्याने दिलेल्या पहिल्या वीस-पंचवीस ताऱ्यांनी काय होत असेल, याचा अंदाज यावरून करा.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मोठा पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत पोचून हुकलेली पुस्तकं यांच्या जोड्या लावून, सुमारे ३८ हजार वाचक-अभिप्राय तपासणारा एक अभ्यास २०१४ साली आला. पुरस्कारानंतर विजेत्या पुस्तकांचं रेटिंग हुकलेल्यांच्या तुलनेत घसरलं होतं. पुस्तक तेच, अक्षरही बदललं नव्हतं. एरवी त्या वाटेला न जाणारे वाचक पुरस्कार बघून आले, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे तारे पुस्तकाबद्दल जितकं सांगतात तितकंच ते कुणाच्या हाती पडलं याबद्दलही सांगतात, आणि ही दोन्ही माहिती एकाच आकड्यात कालवलेली असते.

वाचकांचे अभिप्राय निरुपयोगी आहेत असं मात्र मुळीच नाही. टाइप बारीक आहे, बांधणी सुटते, मालिकेतला आधीचा भाग वाचल्याशिवाय हा कळत नाही, मुलांच्या पुस्तकावर लिहिलेलं वय चुकीचं आहे, या गोष्टी शंभर वाचक एका परीक्षकापेक्षा चांगल्या सांगतात. परीक्षकाचं काम वेगळं. त्याने मत द्यायचं आणि ते कशाच्या जोरावर दिलं ते पुस्तकातून काढून दाखवायचं. मग वाचक त्या मताशी असहमत झाला तरी परीक्षण त्याच्या उपयोगी पडतं. ‘निवेदक शंभर पानं एकाच खोलीतून हलत नाही, म्हणून कादंबरी थबकते’ असं लिहिलं, की ज्याला असंच वाचायला आवडतं तो ते वाचूनच पुस्तक मागवतो.

कोरा समास

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. परीक्षण बिघडतं ते बहुतेकदा लिहिणाऱ्याकडे पोचण्याआधीच, पुस्तक कुणाला द्यायचं हे ठरवताना. पुस्तक हातात आलं की संपादकाने आधी ऋणनिर्देशाचं पान काढावं. मनातल्या परीक्षकाचं नाव तिथे असेल तर पुस्तक त्याला जाणार नाही. मग परीक्षकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: लेखकाशी नातं, मैत्री किंवा भांडण आहे का, त्याच प्रकाशकाकडे तुमचं पुस्तक यायचंय का, लेखकाने तुमच्या पुस्तकावर कधी लिहिलंय का. लहान वर्तुळात ओळख असणारच आणि नुसत्या ओळखीने काही बिघडत नाही. पण तिन्हींपैकी एकाचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा माणूस बघावा.

वेळेचा हिशेबही आधी करा, मानधन त्यावर ठरतं. अडीचशे पानांच्या कादंबरीचं पहिलं वाचन सहा-सात तास. दुसरं वाचन खुणा केलेल्या जागांचं आणि सुरुवात-शेवटाचं, तीन-चार तास. लिहायला आणि दुरुस्त करायला आठ तास. म्हणजे दोन-सव्वादोन दिवसांचं काम झालं. मानधन त्या मानाने फारच तोकडं ठेवलंत तर परीक्षक दुसरं वाचन गाळतो. ते गाळलेलं लगेच दिसतं: पहिल्या साठ पानांबद्दल भरभरून लिहिलेलं असतं आणि पुढच्या दोनशे पानांना एक परिच्छेद.

लांबी १००० ते १२०० शब्द पुरे. कथानक किंवा आशय त्यातल्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. अवतरणं दोन ते चार, सगळी मिळून दीडशे शब्दांच्या आत, आणि संपादकाकडे येणाऱ्या प्रतीत प्रत्येकापुढे पान क्रमांक हवाच. परीक्षण मुद्रितांवरून किंवा कच्च्या प्रतीवरून लिहिलं असेल तर छपाईआधी प्रत्येक अवतरण छापील आवृत्तीशी ताडून बघा. परीक्षकाने ज्या वाक्यावर ठपका ठेवलाय ते शेवटच्या मुद्रितात काढून टाकलेलं असू शकतं.

आता संपादनाचं. समजा, ‘लेखिकेची भाषा प्रवाही आणि ओघवती आहे’ असं वाक्य आलं. ते परत पाठवा. खोडू नका, विचारा: कुठल्या पानावर? दुसरं काय म्हणता येईल? समजा उत्तर असं आलं: ‘पहिल्या चार प्रकरणांत वाक्यं लांब, “आणि”ने जोडत गेलेली, आजी वारल्यानंतर ती तुटतात, पाच-सहा शब्दांची होतात, आणि शेवटपर्यंत पुन्हा जुळत नाहीत.’ आता हे पुस्तकाबद्दलचं वाक्य झालं. वाचक पान उघडून ते खरं की खोटं बघू शकतो. ‘प्रवाही’ आणि ‘ओघवती’ यांचा अर्थ एकच, हेही जाता जाता परीक्षकाच्या लक्षात येतं.

एक सोपी चाचणी: परीक्षणातून पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि पात्रांची नावं झाकून वाचा. ते दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला चालून गेलं, तर अजून परीक्षण झालेलं नाही.

दुसरी लिपी

वरच्या दोघांच्या मुद्द्यांत अनुवादाची भर घालते. तारे इथे सगळ्यात तोकडे पडतात. ‘अनुवाद वाटतच नाही’ ही अभिप्रायातली मोठी दाद, पण मूळ लेखक मुद्दाम खडबडीत लिहिणारा असेल तर तीच अनुवादातली चूक ठरते. मूळ भाषा येणारा परीक्षक मिळाला तर त्याला किमान तीन जागा मुळाशी ताडायला सांगा: पहिलं पान, एखादा संवाद आणि जिथे विनोद किंवा शिवी आहे अशी जागा. संवादात सगळी पात्रं एकाच तऱ्हेची प्रमाण भाषा बोलायला लागली की समजावं, मुळातले थर सपाट झालेत. प्रकरणं मोजून पाहावीत. मधले परिच्छेद गाळलेले सापडतात आणि प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही नसतो. अनुवाद थेट मुळावरून केलाय की मधल्या भाषेवरून, हे परीक्षणात एका ओळीत आलंच पाहिजे. मूळ भाषा न येणारा परीक्षक असेल तर त्याने तसं स्पष्ट लिहावं आणि फक्त मराठी संहितेबद्दल बोलावं. ‘मूळ कलाकृतीला न्याय दिला आहे’ हे वाक्य त्याने लिहू नये. ते ठरवण्याचं साधनच त्याच्याकडे नाही.

पानखूण

फार उपयोगी. एक अडचण उरतेच. आपलं वर्तुळ लहान आहे, त्यामुळे नावानिशी कुणी परखड लिहीत नाही. परीक्षणं निनावी छापावीत का? आणि नवख्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकावर कडक लिहिलं तर ते पुस्तक मरतं, असं मंडळात एकाचं म्हणणं आहे.

तळटीप

निनावी नको. तो प्रयोग होऊन गेलाय. लंडनचं ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ हे पुस्तक-परीक्षणांचं पत्र १९०२ साली सुरू झालं आणि परीक्षकांची नावं त्यात नियमाने यायला १९७४ उजाडलं. निनावी असल्याने मोकळेपणा मिळतो, पण मित्राची भलामण आणि स्पर्धकाचा काटा दोन्ही त्याच आडोशाने काढता येतात आणि वाचकाला काही कळत नाही. मोकळेपणा हवाच असेल तर त्याचा भार संपादकाने घ्यावा: परीक्षण छापल्यावर तक्रारीचा फोन परीक्षकाकडे न जाता संपादकाकडे येईल, हे आधीच ठरवून टाका.

गुळमुळीतपणाचं खापर इंटरनेटवर फोडायलाही नको. अमेरिकी समीक्षक एलिझाबेथ हार्डविक यांनी ‘हार्पर्स’ या मासिकात १९५९ सालीच पुस्तक-परीक्षणांबद्दल लिहिलं होतं की, जिकडेतिकडे सपक कौतुक चाललंय. पुढे १९६३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप चालू होता, पुस्तकांच्या पुरवण्या बंद होत्या. त्या पोकळीत ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’चा पहिला अंक निघाला, आणि हार्डविक त्याच्या संस्थापकांपैकी होत्या. सपक परीक्षणांवरचा उपाय त्यांनी परीक्षणातच शोधला: लांब, नावानिशी, विषयातल्या माणसाने लिहिलेलं.

नवख्या लेखकांबद्दल मंडळातल्या त्या सदस्याला एक आकडा सांगा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या परीक्षणांचा विक्रीवर काय परिणाम होतो हे बघणारा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रतिकूल परीक्षणानंतर नावाजलेल्या लेखकांची विक्री सुमारे १५ टक्क्यांनी घटली, तर फारशा माहीत नसलेल्या लेखकांची सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली. कारण नवख्याची मुख्य अडचण ही की तो आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. परीक्षणाचा सूर विसरला जातो, पुस्तकाचं नाव लक्षात राहतं. हा आकडा मोठ्या खपाच्या दैनिकाचा आहे, त्रैमासिकाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण कडक लिहिलं की पुस्तक मरतंच, हे गृहीत सोडून द्यायला तेवढा पुरेसा आहे.

कोरा समास

पहिल्या पुस्तकाबद्दल एक भर. कडक लिहा, पण दोष पुस्तकाच्या स्वतःच्या हेतूला धरून दाखवा. रहस्यकथेत उकल आधीच कळली, तर ती कुठल्या पानावर आणि कशामुळे कळली ते सांगा. ‘यात सामाजिक भान नाही’ हा तिच्यावरचा आरोप होऊ शकत नाही, कारण तसं वचन तिने दिलेलंच नव्हतं.

आणि ललितेतर पुस्तकांसाठी वेगळी शिस्त लागते. संदर्भसूचीतले कुठलेही दहा संदर्भ निवडून मूळ जागी जाऊन बघा. तीन गोष्टी शोधायच्या: पान क्रमांक बरोबर आहे का, अवतरणात टिंबं देऊन सोडलेल्या भागाने अर्थ उलटतोय का, आणि मूळ साधन खरंच वाचलंय की दुसऱ्या पुस्तकातून उचललंय. तिसरी गोष्ट पकडायला सोपी असते, कारण दुसऱ्याची चूक जशीच्या तशी उतरलेली सापडते. दहापैकी दोन-तीन संदर्भ फसले तर आणखी दहा बघा आणि परीक्षणात आकडा द्या.

आता तर हे आणखी गरजेचं झालंय. मे २०२५ मध्ये अमेरिकेत एका पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी छापून आली. त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं एआयने रचलेली, सोबत कथानकाचा नीटस सारांशही होता. एवढी वाक्यं छापून गेली आणि मधल्या एकाही टप्प्यावर कुणी पुस्तक हातात घेतलं नव्हतं. तुमच्या १६ पानांमागे खर्च का, असं मंडळाने विचारलं तर ही यादी दाखवा. परीक्षणाचं मानधन म्हणजे कुणीतरी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय आणि खुणा केलेल्या जागांकडे पुन्हा आलंय, याची किंमत.

दुसरी लिपी

१६ पानांची वाटणी करताना सगळी पानं मोठ्या परीक्षणांना देऊ नका. सहा परीक्षणं प्रत्येकी दोन पानांची, तीन पानांत दीडशे-दीडशे शब्दांच्या नोंदी, आणि शेवटचं एक पान पत्रव्यवहार व चूक-दुरुस्तीला. लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर ३०० शब्दांची मर्यादा, परीक्षकाचं प्रत्युत्तर त्याच अंकात, तेवढ्याच शब्दांत, आणि विषय तिथे बंद. परीक्षकाने पात्राचं नाव किंवा वर्ष चुकवलं असेल तर दुरुस्ती पुढच्याच अंकात, मूळ चूक पान क्रमांकासकट नमूद करून. हा नियम पहिल्याच अंकात छापून टाका. नंतर आणलात तर तो कुणा एका लेखकासाठी आणला असं वाटतं.