मदत हवी आहे: आकाश जांभळे का नाही, हे आठ वर्षांच्या मुलीला कसे सांगावे?

नमस्कार. आकाश निळे का, या भाचीच्या प्रश्नाला मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले होते. तांबडा रंग नाकासमोर चालणारा आणि निळा मात्र हवेचा रेणू दिसला की वाट सोडून उंडारणारा, त्यामुळे जिकडे पाहावे तिकडे तोच भेटतो, असे मी सांगितले. (हिशेबाने ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा ७०० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या जवळपास सहापट विखुरतो, पण हे मी तिच्यापासून लपवले.) पाण्याच्या ग्लासात दुधाचे चार थेंब टाकून अंधारात विजेरीही लावून दाखवली. बाजूने पाणी निळसर दिसले, समोरून पाहताच विजेरीचा दिवा मावळतीच्या सूर्यासारखा पिवळट-तांबूस झाला आणि माझा भाव वधारला.

तो दोन मिनिटेच टिकला. "मग जांभळा तर निळ्याहून उनाड ना? आकाश जांभळे का नाही?" असे तिने विचारले.

सूर्यप्रकाशात जांभळा मुळातच निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपले डोळेही त्याची फारशी दखल घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु डोळ्यांचा हा पक्षपात माझ्या उनाडांच्या गोष्टीत काही केल्या बसत नाही. शास्त्राशी खोटेपणा न करता तिला हसवत पटेल असा दृष्टान्त कोणी सुचवू शकेल का? "मोठी झालीस की कळेल" हे उत्तर तिने आधीच फेटाळले आहे.