जुन्या फॉन्टमधली वाचनालयाची यादी युनिकोडात आणायची आहे: मुक्त सॉफ्टवेअरसाठी भाषा आणि साधनं कोणती घ्यावी?

मिहानकर

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयासाठी आम्ही तिघं मित्र छोटं सॉफ्टवेअर करून राहिलो आहोत. वाचनालयाची पुस्तकयादी वर्षानुवर्षं वर्ड आणि एक्सेलच्या फायलींत टाइप होत आली. फॉन्ट असला की मराठी दिसतं, फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. काही फायली कृतिदेवमध्ये, काही श्रीलिपीत, काही डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये. हे सगळं युनिकोडात, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, आणायचं आणि लेखक, शीर्षक, विषय यांवरून शोध घेता यावा, एवढं काम.

सॉफ्टवेअर मुक्त ठेवायचं हे पक्कं आहे. विदर्भात अशी वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांनाही ते मिळावं, आणि आम्ही तिघं नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेलो तर दुसऱ्या कोणी ते पुढे न्यावं.

प्रश्न प्रोग्रामिंगच्या भाषेचा. मी ऑफिसात जावा लिहितो. एक मित्र पायथन म्हणतो, दुसऱ्याला रस्टच पाहिजे. वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर विंडोज ७ आणि चार जीबी रॅम. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) येतं, पण सार्वजनिक प्रकल्प आम्ही कधी चालवलेला नाही. लायसन्सबद्दलही सांगावं.

पायथन_प्रतापनगर

भाऊ, आधी विंडोज ७ चं बघा. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये थांबवला आणि त्यामागून बाकीच्यांनीही. पायथनची ३.८ ही तिथे चालणारी शेवटची आवृत्ती, आणि तिलाही ऑक्टोबर २०२४ नंतर दुरुस्त्या मिळत नाहीत. गो या भाषेची शेवटची १.२०. रस्टने १.७८ पासून विंडोज १० ही किमान अट केली. विंडोज ७ साठी वेगळं टार्गेट आहे, पण ते तिसऱ्या श्रेणीचं, म्हणजे चालेल याची हमी कोणी घेत नाही. डेस्कटॉप ॲप बनवायच्या इलेक्ट्रॉनने २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ सोडलं, क्रोम ब्राउझर तिथे १०९ वर थांबला. जावा प्रत्येक मशीनवर आधी बसवावं लागेल किंवा सोबत बांधून द्यावं लागेल.

म्हणजे त्या दोन मशीनना धरून भाषा निवडली तर पहिल्या दिवसापासून जुन्या आवृत्त्यांत अडकाल, आणि नवीन मदतनीस नेमके तिथूनच परत जातात. जमलं तर एका मशीनवर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका. चार जीबीत छान चालतं.

ग्रंथपाल_सक्करदरा

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून विचारते: कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर पाहिलंत का? न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० पासून वापरात आहे. पर्लमध्ये लिहिलेलं, जीपीएल लायसन्सचं. देवघेव, सभासद, शोध, सगळं त्यात आहे. पुस्तकयादीचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून लिहायला घेण्याआधी हे बघाच.

अडचणही सांगते. त्याला लिनक्स सर्व्हर लागतो, डेटाबेस लागतो, आणि बंद पडल्यावर बघणारं माणूस लागतं. लहान वाचनालयात तेच नसतं. म्हणून तुम्ही आज साधंच करा, पण नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाणित नोंद-प्रकारातही बाहेर काढता येतील अशी सोय ठेवा. पायथनमध्ये पायमार्क नावाची लायब्ररी आहे, तिने हे होतं. वाचनालय पुढे कोहावर गेलं तर तुमचं काम वाया जाणार नाही. आमच्याकडे नोंदी पुन्हा टाइप करण्यात माणसांची वर्षं जातात, हे मी रोज पाहते.

लेखणी_ते_लिनक्स

मिहानकर, तुम्ही एक काम म्हणून लिहिलंय, पण ही दोन कामं आहेत. त्यांना एकच भाषा असली पाहिजे असं काही नाही.

पहिलं काम रूपांतराचं. ते प्रत्येक फायलीसाठी एकदाच होणार, आणि ते तुम्ही किंवा कोणी स्वयंसेवक आपापल्या लॅपटॉपवर करणार. विंडोज ७ चा तिथे संबंधच नाही. दुसरं काम शोधाचं. ते रोज होणार, वाचनालयाच्या मशीनवर, काउंटरवरच्या ताई करणार.

रूपांतरासाठी पायथन घ्या. भाषा सोपी आहे म्हणून नव्हे, तुमच्या फायली वर्ड-एक्सेलच्या आहेत म्हणून. एकाच ओळीत पुस्तकाचं नाव जुन्या फॉन्टमध्ये आणि प्रकाशनाचं वर्ष किंवा इंग्रजी शीर्षक साध्या फॉन्टमध्ये असतं. मजकूर नुसता कॉपी-पेस्ट केलात तर कुठला तुकडा कुठल्या फॉन्टचा हे कळत नाही आणि चांगलं इंग्रजीही मराठी समजून बिघडतं. पायथन-डॉक्स ही लायब्ररी वर्डमधल्या प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट सांगते, ओपनपायएक्सेल एक्सेलमधल्या प्रत्येक खान्याचा. कधी फॉन्ट तुकड्यावर लिहिलेला नसतो, स्टाइलमधून आलेला असतो, तेही तपासावं लागेल. जुन्या डॉक आणि एक्सएलएस फायली आधी लिब्रेऑफिसने नव्या प्रकारात बदलून घ्या. त्याचा हेडलेस (खिडकी न उघडता चालणारा) आदेश एका दमात अख्खं फोल्डर बदलून देतो.

खरं कष्टाचं काम पुढे आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप झालेली असतात, युनिकोडात उच्चाराच्या क्रमाने लागतात. 'किती' मधली पहिली वेलांटी जुन्या फायलीत क च्या आधी असते, ती क च्या नंतर न्यावी लागते. रफार उलटा: 'सूर्य' मध्ये तो य नंतर टाइप होतो, युनिकोडात र् आधी यावा लागतो. जोडाक्षर मोठं असलं की वेलांटी नेमकी किती अक्षरं ओलांडून न्यायची ते ठरवावं लागतं. नुसत्या शोधा-आणि-बदला यादीने हे होत नाही.

शोधाच्या वेळी आणखी एक गोष्ट त्रास देते. पायथनच्या नेहमीच्या आरई या मजकूर शोधायच्या मॉड्यूलमधलं शब्द ओळखणारं चिन्ह काना-मात्रेला शब्दाचा भाग मानत नाही. त्याला 'मराठी' दिलं की 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल वापरा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस५ या मजकूर-शोधातही हेच. त्याचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, मुळात अक्षरं आणि अंकच धरतो, म्हणून युनिकोडच्या वर्गांच्या यादीत मात्रांचे दोन वर्ग, एमएन आणि एमसी, आपण जोडून द्यायचे. ही एक ओळ राहिली तर मराठी शोध चालतोय असं वाटतं आणि निम्मी पुस्तकं सापडत नाहीत.

मिहानकर

ताई, दादा, खूप आभार. दोन कामं वेगळी हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आता बरंच मोकळं झालं. रस्टवाला मित्र हा धागा वाचून राहिला आहे. तो विचारतो: जोडाक्षरं, वेलांट्या असं काटेकोर काम असेल तर रस्ट जास्त भरवशाचं नाही का? आणि एकच एक्झिक्यूटेबल फाइल मिळते, हा फायदा नाही का?

धरमपेठ_डेव्ह

मी रस्ट रोज लिहितो आणि मला ती भाषा मनापासून आवडते. लिनक्स कर्नलनेही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून तिला जागा दिली. पण ती जिथे खरी कामाला येते ते प्रश्न वेगळे: मेमरी, वेग, एकाच वेळी चालणारी अनेक कामं. तुमच्या यादीत काही हजार नोंदी असतील. तिथे वेग कोणाला जाणवणार नाही. वेलांटी चुकीच्या जागी गेली तर कंपायलरला ते कळत नाही, ते मराठी वाचणाऱ्या माणसालाच कळतं.

एक फरक मित्राला माहीत असावा. रस्ट आणि गो स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये सांगतात, म्हणून 'नागपूर' ची लांबी १८ येते. पायथन आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात चार. शीर्षक कापून दाखवताना हे ध्यानात ठेवावं लागतं, भाषा कोणतीही असो. 'क्ष' सारखं जोडाक्षर एकच मानायचा नियमसुद्धा युनिकोडात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या लायब्ऱ्या ते अजूनही मधोमध तोडतात.

माझं मत मागाल तर उद्या दुरुस्त करायला कोण येणार हे आधी ठरवा. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना पायथन येतं. रस्ट येणारं एखादंच भेटेल, आणि तुमचा मित्र बंगळूरला गेला की तेही नाही.

लेखणी_ते_लिनक्स

धरमपेठ_डेव्ह यांच्याशी सहमत, आणि त्यापुढे एक पाऊल जा. दुरुस्त करायला येणाऱ्याला प्रोग्रामिंग यायलाच हवं अशी रचना ठेवू नका.

प्रत्येक फॉन्टचा तक्ता कोडमध्ये लिहायचा नाही. साधी सीएसव्ही फाइल ठेवा: डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे युनिकोड. क्रम बदलणारं इंजिन तेवढं पायथनमध्ये. तपासणीसाठी दुसरी सीएसव्ही: जुना शब्द आणि त्याचं बरोबर रूप. चुकलेला शब्द दिसला की ज्यांना फक्त टायपिंग येतं ते काकासुद्धा त्यात एक ओळ जोडू शकतील. पायटेस्ट हे पायथनचं तपासणीचं साधन ती फाइल वाचून प्रत्येक ओळ तपासेल. सार्वजनिक रेपॉझिटरीला (कोडच्या खुल्या साठ्याला) गिटहबची ॲक्शन्स ही सोय मोफत आहे, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर तपासणी आपोआप होईल. श्रीलिपीचे तर अनेक प्रकार आहेत, तुम्ही तिघं सगळे पाहू शकणार नाही. ज्याच्याकडे जो प्रकार असेल तो तक्ता तिथून येऊ द्या.

तपासणीत हे शब्द टाकाच: 'दऱ्या', 'सूर्य', 'स्त्रिया', 'वर्षे', 'ॲटलस'. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो, ऱ आणि हलन्त घेऊन किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दिसायला सारखे, शोधायला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) त्यांना एक करत नाही. ॲ सुद्धा तसंच. ते अक्षर युनिकोडात २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरात लोकांनी दुसऱ्या चिन्हांनी भागवलंय. हे आपल्या मराठीचे प्रश्न आहेत. बाहेरची तयार लायब्ररी ते सोडवून देईल याची वाट बघू नका.

पायथन_प्रतापनगर

शोधासाठी मग ब्राउझरचं एकच एचटीएमएल पान करा. डेटा त्याच फायलीत, साधं जावास्क्रिप्ट, कुठलंही फ्रेमवर्क नको. नेट नको, इन्स्टॉल नको, पेनड्राइव्हवरून दुसऱ्या गावी नेता येईल. विंडोज ७ वर फायरफॉक्सची ११५ ही ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) मालिका चालते, त्यावर तपासा. दोन गोष्टी बघा. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानात जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स लोड होत नाहीत, सगळं एका फायलीत बांधा. आणि अक्षरं तोडून देणारी जावास्क्रिप्टची इंटल सेगमेंटर ही सोय त्या फायरफॉक्समध्ये नाही, त्यावर विसंबू नका.

एसक्यूलाइट एवढ्या नोंदींना लागणारही नाही. पुढे यादी वाढली तर बघू.

विधी_आणि_कोड

लायसन्सबद्दल. लायसन्स फाइल नसलेला कोड इंटरनेटवर दिसत असला तरी मुक्त नसतो. सगळे हक्क लेखकाकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो कायदेशीरपणे वापरता येत नाही. म्हणून पहिल्याच कमिटला (गिटमधल्या पहिल्या नोंदीला) लायसन्स फाइल टाका.

एमआयटी लायसन्स घेतलंत तर कोणीही तुमचा कोड बंद उत्पादनात घालून विकू शकतो, फक्त तुमची नोंद ठेवायची. जीपीएल ३ मध्ये विकता येतं, पण ज्याला दिलं त्याला बदलांसकट सोर्स द्यावा लागतो. गावोगावच्या वाचनालयांसाठी काम करताय, तर मी जीपीएल ३ सुचवेन. फॉन्टचे तक्ते मात्र सीसी-शून्यखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, द्या, म्हणजे कोणत्याही प्रकल्पात जातील. जुन्या फॉन्टच्या फायली रेपॉझिटरीत टाकू नका. त्या बहुतेक व्यावसायिक आहेत, त्यांचं वितरण तुमच्या हातात नाही. दाखवायला नोटो किंवा मुक्ता वापरा, दोन्ही खुल्या फॉन्ट लायसन्सखाली आहेत.

आणि सर्वांत आधी तुम्ही तिघंही नोकरीचा करार काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. आणि काही करारांत फावल्या वेळचं कामही ओढून घेणारी अट असते. कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका, आणि शंका असेल तर लेखी परवानगी घ्या. लोकांनी तुमच्यावर विसंबून वाचनालयं उभी केल्यावर हा वाद निघाला तर सगळ्यांचंच नुकसान.

मिहानकर

करार काल रात्रीच वाचला. माझ्यात तशी अट आहे, म्हणून एचआरला मेल टाकला, उत्तर आलं की कोड चढवतो. तोवर रूपांतराचं पायथन, शोधाचं एकपानी जावास्क्रिप्ट आणि सीएसव्ही तक्ते, असं तिघांचं ठरलं. रस्टवाल्या मित्राने तपासणीच्या फायली आणि गिटहबचं काम अंगावर घेतलं. वाचा-मला फाइल मराठीत आधी लिहितोय, इंग्रजी नंतर.

एकच विचारायचं राहिलं: नोंदीत कोणते रकाने ठेवावेत? वाचनालयाच्या फायलींत शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक एवढंच सगळीकडे सापडतं.

ग्रंथपाल_सक्करदरा

दाखल क्रमांक जसा आहे तसाच ठेवा, नवीन क्रम देऊ नका. पुस्तकाच्या कण्यावर तोच लिहिलेला आहे. लेखकाचं आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. प्रकाशक, वर्ष, भाषा, विषय रिकामे राहिले तरी रकाने असू द्या, स्वयंसेवक नंतर भरतील. आणि रूपांतर होण्याआधीचा मूळ मजकूरही प्रत्येक नोंदीत शेवटच्या रकान्यात राहू द्या. तक्ता सुधारला की सगळ्या नोंदी पुन्हा चालवून घेता येतील. तुमच्या यादीतली कुठलीही शंभर शीर्षकं इथे टाका, हाताने तपासून बरोबर रूपं मी लिहून देते.